हातभर खाली आणलेलं घर

मल्लेश्वरम, बेंगळूर
६ फेब्रुवारी १९९५

चि. कावेरीस रघुपतीकाकाचे अनेक आशीर्वाद. इकडे ठीक, तिकडची खुशाली कळव.

तू धाडलेलं माणसाच्या उगमाचं पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन दोनदा वाचलं. मी पडलो लाकूडकामातून पेन्शनीत निघालेला गडी, पण आफ्रिकेतल्या राखेतली ती पावलं बघून थक्क झालो. छत्तीस लाख वर्षांपूर्वीची, आणि टाच, अंगठा अगदी आपल्यासारखा! आधी माणूस दोन पायांवर उभा राहिला, मेंदू पुष्कळ मागाहून वाढला, हे तुझ्या काकूला सांगितलं तर म्हणाली की तुमचा अजून वाटेतच आहे.

तिच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले. डॉक्टरांनी वॉकर धरून रोज उभी करा म्हणून बजावलं होतं, पण पाय टेकला की ती कळवळायची. मला बघवेना. मग करवत काढली आणि अख्खं घर हातभर खाली आणलं. स्टोव्ह जमिनीवर, डब्यांची फळी गुडघ्याएवढी, दिव्यांची बटणंसुद्धा खाली. चार चाकांचा पाट करून दिला, त्यावर बसून हातांनी रेटत घरभर फिरते. उभं राहायची गरजच ठेवली नाही बघ! शेजारच्या विठाबाई तोंडभर कौतुक करून गेल्या.

फक्त हल्ली निजल्यावरही तिचे गुडघे सरळ होत नाहीत. स्वल्प तेल चोळलं तर सुटतील ना? तू कॉलेजात शरीरशास्त्र शिकवतेस, तुला ठाऊक असणार.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
रघुपतीकाका

धारवाड
१३ फेब्रुवारी १९९५

ती. काकांस कावेरीचा साष्टांग नमस्कार.

काका, तेलानं सुटणार नाहीत. महिनोन्‌महिने दुमडून बसलं की कंबर आणि गुडघे तसेच आखडून जातात. पाय वापरले तरच पाय राहतात. रागवायला लिहीत नाही, पण तो पाट आजच काढा, डबे वर चढवा आणि उद्या काकूला डॉक्टरांकडे न्या. अजून वेळ गेली नसेल अशी आशा आहे. सुट्टी लागली की येतेच.

तुमच्या मायेवरच वाढलेली,
कावेरी

मल्लेश्वरम
२० मार्च १९९५

चि. कावेरीस ठकुकाकूचा आशीर्वाद. चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षराला हसू नकोस. हे दूध आणायला गेलेत तेवढ्यात लिहिते.

यांनी सगळं पुन्हा वर ठोकलं. पाच आठवडे रोज मला काखेत धरून उभी करतात, पण गुडघे उघडत नाहीत. काल डॉक्टरांनी सांगून टाकलं की या वयात पुन्हा कापाकापी नको, आता माझं चालणं होणार नाही. माझं मी सोसेन गं. पण हे जेवत नाहीत. तुझं पत्र खिशात घालून फिरतात, मीच तुझे पाय खाल्ले असं मला म्हणतात. दुखतंय म्हणून मीच रडायचे, उभी करू नका म्हणून मीच हात जोडायचे, ते काही ऐकून घेत नाहीत.

तू शिकलेली, तुझं मानतील. लिही की काकूचं हाड आतून पोकळच होतं, काहीही केलं असतं तरी ती चालली नसती. एवढं कर बाई. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.

तुझीच,
काकू

मल्लेश्वरम
२ एप्रिल १९९५

चि. कावेरीस अनेक आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र पोचलं. हाड आतून पोकळ होतं, कुणी काहीही केलं असतं तरी काकू चालली नसती, हे तीनदा वाचलं. मग तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच ती म्हणाली की बघा, कावेरी एवढी शिकलेली, ती कशाला खोटं लिहील. आणि माझ्या जेवणाच्या पानाकडे बघत राहिली.

पहिल्या पत्रात तू हाडाचं काही लिहिलं नव्हतंस. डॉक्टरांनीही कधी म्हटलं नाही. पण सरी, असू दे, मी कुणालाच विचारणार नाही. भात मागून घेतला. दोन घास जास्तच खाल्ले.

सुट्टीत नक्की ये. आलीस की तिच्यासमोर ते पोकळ हाडाचं पुन्हा एकदा नीट समजावून सांग. मी मान डोलवीन.

तुझा,
रघुपतीकाका