धरसोडीचं प्रमाणपत्र

ती. आत्यास,

लांबून, पण नीट नेम धरून, साष्टांग नमस्कार. वि. वि. (यातली विनंती कोणती आणि विशेष काय, ते शेवटी कळेल, शेवटचं पान आधी वाचायची सवय एवढ्या एका पत्रापुरती आवर.) तुझा गुडघा कसा आहे? जिन्याचा तो सैल कठडा कुणी बसवून दिला का, की अजून तू त्याला धरतेस आणि तो तुला? कुंपणापलीकडच्या काकूंशी बोलणं सुरू झालं का? बारा वर्षं झाली, आत्या. त्यांनी शिडी दुसऱ्याच दिवशी परत केली होती, हे मी तुला आधीही सांगितलंय. असो. तुझ्या पत्रात तीन प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर : हो, वेळेवर जेवतो. दुसऱ्याचं : नाही, अजून सोडलेलं नाही. तिसरा प्रश्न जरा नाजूक आहे, त्याचं उत्तर त्याच्या जागी येईल.

मी निघालो तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, "आता जे धरशील तेही सोडलंस, तर मुकाट्यानं परत येऊन आपल्या गोदामातल्या हिशेबाच्या खुर्चीत बसायचं." ती खुर्ची मी पाहून ठेवली आहे. तिला चाकंसुद्धा नाहीत. त्यामुळे या वेळी काहीतरी घट्ट धरायचंच असं ठरवून मी बाहेर पडलो, आणि खरं सांगतो, होडी रंगवायच्या कामावर चाललो होतो. (छापखाना सोडला तो शाईच्या वासानं, आणि मधमाश्यांचं काम मी सोडलंच नव्हतं, त्यांनीच मला सोडलं, पार रस्त्यापर्यंत.) पण वाटेत एक बाई पाठीवर लांबलचक पिशवी घेऊन चाललेल्या दिसल्या. मला वाटलं, आत एखादं वाद्य असणार. एवढं मोठं वाद्य वाजतं तरी कसं, या विचारात मी मागोमाग गेलो तो थेट एका मैदानात. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "हे धनुष्य आहे, आणि तुम्ही रेषेच्या चुकीच्या बाजूला उभे आहात." मी बाजू बदलली. तिथे तिरंदाजीच्या प्रशिक्षकांचा वर्ग सुरू होत होता, एक जागा रिकामी होती, आणि मी योग्य बाजूला उभा होतो. होडी राहिली.

या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणतात, कारण त्या तोंडानं कमी आणि शिट्टीनं जास्त बोलतात. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे बाण मारा, तीन म्हणजे जाऊन आपापले बाण काढून आणा, आणि पाच म्हणजे असाल तिथे थांबा, काहीतरी भयंकर घडतंय. (मी राहतो तिथे शेजारच्या खोलीतला शिंपी झोपेत शिट्टी वाजवतो. दुपारच्या झोपेत त्यानं तीन वाजवल्या, आणि मी चपला घालून जिन्यापर्यंत गेलो होतो.) पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "या विद्येत दोनच गोष्टी आहेत. धरणं आणि सोडणं. बाकी सगळं उभं राहणं." आत्या, मला भरून आलं. जन्मभर तू मला धरसोड्या, धरसोड्या म्हणून हाका मारल्यास, आणि इथे तर त्याचं रीतसर प्रमाणपत्र देतात!

दुसऱ्या दिवशी आणखी एक शोध लागला. माणसाचा एक डोळा मालक असतो आणि दुसरा नुसता सोबतीला. माझा मालक डोळा डावा निघाला. म्हणजे इतकी वर्षं मी सोबत्याच्या डोळ्यानं नेम धरत होतो. माझ्या आयुष्याची वाट का चुकत गेली याचं हे वैद्यकीय कारण आहे, ते तू भाऊबंदांना कळवावंस. मग बारा दिवस आम्ही नुसतं शिकवायला शिकलो : नवशिक्याला बिचकवायचं कसं नाही, त्याच्या कोपराला हात लावण्याआधी विचारायचं कसं, दोरी बाणाशिवाय का सोडायची नाही. (रिकाम्या दोरीचा सगळा जोर धनुष्यालाच बसतो आणि ते मोडतं. रागावून न बोलणाऱ्या माणसांचंही असंच होत असावं. काकूंचा विषय मी काढत नाही.) लेखी परीक्षेत मी एका गुणानं पास झालो. शाळेतही मी कधी इतक्या चांगल्या गुणांनी पास झालो नव्हतो.

आता प्रात्यक्षिक. यात एका अगदी कोऱ्या माणसाला वीस मिनिटं शिकवून दाखवायचं, आणि शिट्टीबाई वही घेऊन मागे उभ्या. माझ्या वाट्याला दातांचे एक डॉक्टर आले. भला माणूस, पण दुसऱ्यांना दिवसभर "जबडा सैल सोडा" सांगणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःचा जबडा असा आवळला होता की तो उघडायला दुसरा डॉक्टर बोलवावा लागला असता. तरी मी धीरानं घेतलं. पाय कसे, खांदा कसा, सगळं सांगितलं. शिट्टीबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते चांगलं असावं, कारण लिहिताना त्यांनी मान हलवली. मी एक शिट्टी दिली. डॉक्टरांनी दोरी हनुवटीपर्यंत ओढली आणि तिथेच अडकले. कोपर थरथरायला लागलं, बाणाचं टोक जमिनीकडे झुकायला लागलं, चष्मा घसरला, आणि आवळलेल्या दातांतून ते म्हणाले, "नाही हो जमत मला."

अशा वेळी शिक्षकानं शांतपणे "उतरवा" म्हणायचं, म्हणजे माणूस ताणलेली दोरी हळूहळू पुढे नेतो, बाण जागेवर राहतो आणि सगळे घरी जातात. हे मला पाठ होतं. लेखी परीक्षेत मी ते लिहून गुणही मिळवला होता. पण समोर घामाघूम झालेला चांगला माणूस, आणि माझा जीव कळवळला. घरी आपण एकमेकांना म्हणतो तसंच मी अगदी प्रेमानं म्हणालो, "जाऊ द्या हो डॉक्टर, सोडा!"

त्यांनी दोन्ही केलं. जाऊ दिला आणि सोडला.

बाण टार्गेटच्या खालून गवत चाटत गेला आणि टार्गेटमागे सावलीत ठेवलेल्या एका थर्मासमध्ये शिरला. (कुणा शहाण्यानं तो तिथे ठेवला हा प्रश्न शिट्टीबाईंनीही विचारला. मी उत्तर दिलं. तेही वहीत गेलं.) आतून काचेचा असा काही आवाज आला, आणि बाणाच्या कडेनं चहाची बारीक धार लागली. पाच शिट्ट्या झाल्या. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीच म्हणालात सोडा." शिट्टीबाईंनी वहीचं पान फाडून हातात दिलं : "ज्ञान पुरेसं. हात चांगला. जीभ धोकादायक. फेरपरीक्षा एकदाच." तेव्हापासून आमच्या मैदानावर 'सोड' हा शब्दच बंद झाला आहे. परवा एक प्रशिक्षणार्थी दुसऱ्याला "सोडावॉटर पितोस का?" म्हणाला आणि तिघे जमिनीवर आडवे झाले.

आत्या, आता थोडं गंभीर. इतर वेळी एवढी फजिती झाली असती, तर मी संध्याकाळच्या गाडीनं कुठेतरी निघालो असतो. पिशवी भरलीही होती. पण सकाळी मैदानात नवे लोक आले. त्यांतल्या एका आजीबाईंचा बाण पहिल्यांदाच टार्गेटला लागला, आणि त्या वळून आधी माझ्याकडे बघून हसल्या. मी फक्त त्यांचा खांदा खाली करायला सांगितला होता. मी पिशवी रिकामी केली. हे मला सोडायचं नाहीये. पण फेरपरीक्षेत नापास झालो तर माझ्या मनात नसताना सुटेल, आणि ते कसं सहन करायचं, हे मला येत नाही. आजवर सोडत आलो तो मीच.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना रेषेमागे राहायला सांगणे.

तुझा
(अजून न सुटलेला) भाचा

ता. क. : फेरपरीक्षा पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला. या वेळी शिष्य आपला आपण आणायचा : पन्नाशीपुढचा, धनुष्याला कधी हात न लावलेला. डॉक्टर येणार नाहीत, ते म्हणतात, "मी दातांतच बरा." तू ये. बस थेट मैदानाच्या फाटकाशी थांबते. गुडघ्याची काळजी नको, यात नुसतं उभं राहायचं असतं. आणि तीस वर्षं टायपिंग शिकवलेल्या बाईचे खांदे कसे असतात, ते मी शिट्टीबाईंना सांगून ठेवलंय.

दुसरा ता. क. : तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हो, तुझा निळा थर्मास मीच नेला. नेला तेव्हा शाबूत होता.

शेवटचा ता. क. : अर्जात तुझं नाव भरून झालंय. शिष्यासाठी अट एकच आहे : सांगितल्यावर धरलेलं सोडता आलं पाहिजे. मी "येतं" असं लिहून खाली सही केली आहे. तेव्हा गुरुवारपर्यंत घरी थोडा सराव कर. सुरुवात थर्मासपासून केलीस तरी चालेल.