सगळ्यांची एकच यादी

प्रिय ताई,

फोनवर सांगितलेलं आता लक्षात राहत नाही, काय असेल ते लिहून पाठव, असं तू मागच्या रविवारी म्हणालीस. म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, त्यामुळे टाइप केलंय. इकडे ठीक. तुझी भावजय स्वयंपाकघराला रंग देतेय आणि मी मधेमधे लुडबुडतो म्हणून मला खोलीत बसवलंय. वृद्धाश्रमाचं पत्रक मिळालं. तुझी खोली पूर्वेची दिसते. आईची पश्चिमेची होती, दुपारी तापायची.

आई आपल्याला ओळखेनाशी झाली, तेव्हापासून तुला किल्ली सापडली नाही की घरातले एकमेकांकडे बघायचे. मीही बघायचो. हे आपल्या घरातच आहे, असं मामा म्हणायचा आणि तू हसून मान डोलवायचीस. माझा चष्मा रोज हरवतो, पण माझ्याकडे कुणी तसं बघितलं नाही. मी कामात असतो म्हणे.

त्यामुळे तुझ्या पाळणाघरात गोंधळ सुरू झाला तेव्हा कुणी फार खोलात गेलंच नाही. कुठल्या मुलाला काय चालत नाही हे पूर्वी तुझ्या डोक्यात असायचं, मग मी लिहून दिलेल्या, टॅबवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये आलं. गेल्या वर्षी तू एका मुलीच्या पानावर अंडं नको असं लिहिलंस आणि दुसऱ्या दिवशी ते भलत्याच मुलाच्या पानावर दिसलं. त्याच्या आईने नाक मुरडलं, तू माफी मागून ते पुसलंस. असं होतच राहिलं. मग तू वही घातलीस. वहीत एक आणि टॅबवर दुसरंच. मला विचारलंस, तेव्हा मी म्हणालो की कॉम्प्युटर स्वतःहून काही लिहीत नाही, ताई. पुढे त्या कुरळ्या केसांच्या मुलाला शेंगदाण्याचं बिस्किट दिलं गेलं. वहीत शेंगदाणे नकोत असं होतं, टॅबवर नव्हतं, आणि तू टॅबवर विश्वास ठेवलास. ओठ सुजले, दवाखान्यात न्यावं लागलं, संध्याकाळपर्यंत बरा झाला. त्याच आठवड्यात तू काम सोडलंस. डॉक्टरकडे जा म्हटलं तर, आईला पाहिलंय, आणखी काय तपासायचं, म्हणालीस. मी आग्रह केला नाही.

तुझ्या जागी आलेली मुलगी चोवीस वर्षांची आहे आणि तिची आई ठणठणीत आहे. तिचंही तेच व्हायला लागलं. तिने तिसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं की तुमच्या प्रोग्राममध्ये काहीतरी गडबड आहे. आपल्यालाच काही झालंय, असं तिच्या मनातही आलं नाही. मी बसलो आणि वीस मिनिटांत सापडलं.

कंटाळू नकोस, थोडक्यात सांगतो. प्रोग्राममध्ये ‘मूल’ नावाचा एक क्लास आहे, म्हणजे साचा. त्यातून एकेका मुलाची नोंद तयार होते. जे सगळ्यांना सारखं, ते साच्यातच लिहायचं, उदाहरणार्थ पाळणाघर सहाला बंद होतं. जे ज्याचं त्याचं, ते त्याच्या नोंदीत. काय चालत नाही याची यादी अर्थातच ज्याची त्याची. पण गेल्या वर्षी मी प्रोग्राम जरा नीटनेटका करायला घेतला आणि ती रिकामी यादी उचलून वर साच्यात नेऊन ठेवली. रिकामी तर आहे, कुठेही ठेवली तरी काय बिघडतं, असं वाटलं. तेव्हापासून पानं अठरा आणि यादी मात्र सगळ्यांची एकच. नावं, वयं बरोबर राहिली, कारण नाव लिहिलं की ते त्या मुलाच्याच नोंदीत जातं. यादीत भर घातली की ती मात्र त्या एकाच सामायिक यादीत पडायची, आणि एका पानावरून पुसली की सगळ्यांची पुसली जायची. तू भलत्या मुलाच्या पानावरून शेंगदाणे पुसलेस आणि ते कुरळ्याच्याही पानावरून गेले. नवशिके करतात ती चूक आहे ही. मी तीस वर्षं हेच काम करतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. तुझी वही तिथेच कपाटात होती. ती घेऊन मुलांच्या आईवडिलांकडून एकेक नोंद ताडून घेतली. एकशे चौदा नोंदी आहेत, एकही चुकलेली नाही.

यादी आता जागेवर आहे. पाळणाघराच्या बाईंना काल लेखी कळवलं, कुरळ्याच्या घरीही जाऊन आलो. पण पत्र त्यासाठी नाही. प्रोग्राम तपासायला वीस मिनिटं लागली, आणि आईचं तुझ्यात आलंय हे मानायला मला तेवढीही लागली नव्हती. वर्षभरात एकदाही, चूक माझी असेल, असं वाटलं नाही. त्याची मला लाज वाटते. गुरुवारी तू वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही करणार आहेस आणि राहतं घर सोडणार आहेस. पुढे कुणाचं काय होईल ते मला सांगता येणार नाही, तुझंही नाही आणि माझंही नाही. पण आजपर्यंत तू काहीही विसरलेली नाहीस. सही करू नकोस.

तुझाच,
धाकटा