मारुतीच्या माळेतली पानं

शॉमबर्ग, अमेरिका, ऑगस्ट १९८६

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही, म्हणून मायना सुचत नाही. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. रडून झालं. आज मात्र रागावून लिहिते आहे.

सकाळी घरामागच्या माळावर बुलडोझर आला. दुपारपर्यंत कुंपणापलीकडे नुसती काळी माती उरली. तिथे पार्किंग होणार आहे.

आठवतं, घर घेतलं त्या उन्हाळ्यात तिथे तुम्ही एक झाड ओळखलंत? पान तोडलंत, पांढरा चीक आला, आणि केवढे हसलात! "अगं, ही तर आपल्या रुईची बहीण!" इथे तिला मिल्कवीड म्हणतात. तेव्हापासून उन्हाळ्यात दर शनिवारी मारुतीच्या तसबिरीला अकरा पानांची माळ. परक्या देशात देवाची सोय झाली, याचं मलाही कौतुक.

मग एका शनिवारी माळेतून पट्ट्यापट्ट्यांची अळी खाली उतरली. पानं उलटून पाहिली, तर टाचणीच्या डोक्याएवढी अंडी. मोनार्क फुलपाखरांची. त्यांच्या अळ्या या झाडाशिवाय दुसरं काही खात नाहीत. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला उलटून पाहिल्याशिवाय पान तोडू द्यायच्या नाहीत, आणि मी तेच विसरले होते. तीन उन्हाळे ती अंडी देवाच्या गळ्यात वाळत होती.

"मारुतीला कळतं सगळं," एवढंच म्हणालात. पण पुढच्या शनिवारी चष्मा लावून एकेक पान उलटून पाहत होतात. मी खिडकीतून पाहिलं. बोलले नाही.

मग हे का केलंत?

दुपारी बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, शेजाऱ्यांपैकी कुणाचीच हरकत नव्हती, तुमच्या मिस्टरांचीही सही आहे. तुमच्या कपाटात त्या ना-हरकत पत्राची कार्बन कॉपी सापडली. गेल्या ऑक्टोबरची. मला एका शब्दाने सांगितलं नाहीत.

तुम्ही काय म्हणाला असतात ते ठाऊक आहे. "आपण इथे पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या अंगणाबद्दल बोलू नये." आणि गावी बांधावरच्या एका फणसासाठी सख्ख्या भावाशी अठरा वर्षं कोर्टात भांडलात! तो फणस तुमचा. मग ज्याची पानं देवाला वाहिलीत, तो माळ कुणाचा हो? तोडायला आपला आणि राखायला परका?

निखिलला कळवलं, तर म्हणाला, "आई, दे आर जस्ट वीड्स." तुमचाच मुलगा.

आणि मी तरी काय केलं? शाळेत इंग्रजी वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली आणि इथे दुकानातसुद्धा तुम्हाला पुढे करून मागे उभी राहिले. तुमची सही दिसते, माझं गप्प राहणं दिसत नाही, एवढाच फरक.

माळाचा ओढ्यापलीकडचा तुकडा अजून शिल्लक आहे. मंगळवारी त्याबद्दल गावच्या नगरपालिकेत सभा आहे. मी जाणार आहे. उभी राहून बोलणार आहे, आणि पाहुणी म्हणून नाही.

संध्याकाळी मातीच्या ढिगातून मिल्कवीडच्या तीन काड्या ओढून काढल्या. त्यांवर पाच अळ्या आहेत. लोणच्याच्या बरणीत पाणी घालून काड्या मारुतीसमोर ठेवल्या आहेत. उद्या शनिवार. माळ होणार नाही. पानं अळ्यांना लागतील.

अजून रागावलेली, तरी तुमचीच,
सुमती