मागच्या फळीवरचं कुंकू

बाबा, आज दुपारपासून माझ्या हाताचा वास जात नाहीये. तीनदा साबण लावला, लिंबू चोळलं, शेवटी थिनरने हात पुसले. थिनरचा वास उडून गेला, तो मेला तसाच राहिला. रात्रीचं जेवायला बसले तर तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला. मग चमच्याने भात खाल्ला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हात मोडलो काय तुझो?" आईला मात्र ते पटलं असतं. तिने आयुष्यभर तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले, वाकोल्याच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात तुम्हाला अंघोळीशिवाय पोळपाटाजवळ फिरकू दिलं नाही. बोटींच्या फायबरची कुसळं पिठात पडतील म्हणायची. मला तेव्हा तिचा राग यायचा. आज मीच माझ्या हातांना ताटापासून लांब ठेवलं.

ती अठरा फुटी पांढरी बोट आठवते? जुहूच्या शेठची, दोन्ही बाजूंना निळा पट्टा होता. मागची फळी, जिला इंजिन लटकवतात ती, हलायला लागली म्हणून वीसेक वर्षांपूर्वी आपल्या मनोरीच्या शेडमध्ये आली होती. शेठ कधीच गेला. बोट कुणाच्या तरी बंगल्यामागे ताडपत्रीखाली पडून राहिली, आत पावसाचं पाणी, माडाची झावळं आणि उंदीर. आता मनोरीतल्याच एका तरुणाने ती विकत घेतलीय. त्याच्या दोन कॉटेज आहेत, पाहुण्यांना खाडीत फिरवायला बोट हवी, आणि पहिल्या फेरीला तो स्वतःच्या बायकोला आणि दोन लहान मुलींना बसवणार आहे. माझ्याकडे आला तो तुमच्या नावावर. म्हणाला, "ताई, सगळी नवी करा, पण मागच्या फळीला हात नका लावू. ती तुमच्या बाबांनी केलीय ना? मग तिला काय होणार!"

मी तरी नाणं वाजवलं, आत कुठे ओल किंवा पोकळी आहे का ते आवाजावरून बघायला. तुमचा तो जुना जाड रुपया. बोटीच्या नाकापासून सुरुवात केली, टण टण टण, दोन ठिकाणी आवाज जरा दबला तिथे खडूने गोल केले, आणि मागच्या फळीवर आले. थप. एक वीत सोडून पुन्हा वाजवलं. थप. ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसं. मालक बाजूलाच उभा होता, त्यालाही तो फरक कळला. मी ग्राइंडर लावला आणि आतल्या बाजूने फायबरचा चौकोन कापला. पहिली चीर पडताच काळं पाणी बाहेर आलं, माझ्या पायांवर, चपलेत. शी! सडक्या बोंबलाचं पाणी बरं, असा वास. आत हात घातला तर प्लाय नव्हतंच, चहात बुडवून विसरलेल्या पावासारखा काळा लगदा होता. मूठभर बाहेर काढला की बोटांच्या फटींतून गळत होता, त्यात पांढरे किडे. मी ओंजळीओंजळीने उपसत होते आणि मालक नाकावर रुमाल धरून बघत होता. "ताई, हे काय यार? हे तर गटार आहे. कोणी केलंय हे?"

कापलेला चौकोन मी उलटा केला. वरच्या रेझिनखाली, काचेखाली ठेवल्यासारखा, हळद-कुंकवाचा अंगठा होता. तुमचा. बाकीच्या कामांवर तो कसा ठसठशीत असायचा, इथे मात्र खाली घसरलेला, शेपटी फुटलेला. कुंकू अजून लाल होतं. त्याच्या मागच्या बाजूला तो लगदा चिकटलेला.

"बाबांनी," मी म्हणाले.

त्याने नाकावरचा रुमाल काढला आणि म्हणाला, "लोक तर त्यांच्या कामाची शपथ घ्यायचे ना?" मी खांदे उडवले. खांदे उडवले हो मी! आणि तो बोलबोल करणारा माणूस, संध्याकाळपर्यंत गोष्ट मार्व्याच्या फेरीबोटीवर माझ्याआधी पोचली होती. तिकीटवाला माझ्याकडे बघून हसला. दुसरा कुणी म्हणाला, "नाव मोठं होतं म्हाताऱ्याचं, आत सगळा भुसा." टोपली घेऊन बसलेली ती कोळीण, तुम्हाला सुकट द्यायची ती, तेवढी उसळली. "तुजा बापूस असा नव्हता गो! माज्या होरीचं काम केलेलं त्यानं, अजून थेंब आत येत नाय. तू सांग ना यांना!" सगळी फेरीबोट माझ्याकडे बघायला लागली. मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. मार्वे येईपर्यंत तेच शोधत होते.

आता मला त्या लगद्यापेक्षा त्या शोधण्याची जास्त किळस येतेय, बाबा. म्हणून लिहायला बसले.

मी शेडमध्ये यायला लागले त्या वर्षीची गोष्ट. बारावी झाली होती, ऑफिसात बसणं मला जमणार नाही हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. खाज येऊ नये म्हणून हाताला पावडर थापून ग्राइंडर धरायला तुम्ही शिकवलंत, रेझिन घट्ट व्हायला हार्डनर किती टाकायचा ते उन्हाकडे बघून ठरवायला शिकवलंत. आणि प्रत्येक काम झालं की शेवटच्या थराआधी तुम्ही कॅमेऱ्याच्या रोलची डबी काढायचात. त्यात हळद-कुंकू. अंगठा बुडवून आतल्या बाजूला, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी टेकवायचात, आणि वर रेझिन. एकदा मी एका होडीच्या तळाचं ठिगळ संपवलं आणि तुम्हाला न विचारता डबी उघडून बोट टेकवलं. तुम्ही आलात, नाणं वाजवलंत. एका कोपऱ्यात हवा राहिली होती, बस, चार बोटांएवढी. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात. "ह्यां काय केलंस? कुकू लावलंस म्हणजे कोणाच्या तरी पोराबाळांची जबाबदारी घेतलंस. काढ सगळा!" सगळा थर मला उचकटायला लावलात, कोळी माणसं बघत असताना. माझ्या डोळ्यांतलं पाणी आणि फायबरची धूळ एक झाली होती. तीन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही जेवताना तो रुपया माझ्या ताटाशेजारी ठेवलात. तुमच्या खिशातून तो कधी दुसऱ्याच्या हातात गेला नव्हता. म्हणालात, "ह्यो तुझो. आता तुझ्या कामार मी नाणा वाजवूचंय नाय. तू बोलशील ता खरा." आई म्हणाली, "आधी खरकट्यातून उचल ते." मी उचललं. केवढी फुगले होते मी तेव्हा! आणि तुम्ही शब्द पाळलात. शेडमधल्या बाकीच्या कारागिरांच्या कामावर तुम्ही दुसरं नाणं वाजवलंत, माझ्या कामावर पुन्हा कधी नाही.

आता शेठची बोट. तुम्हाला कावीळ झाली होती. तुम्ही वाकोल्याला पडून, पेज-भातावर, डोळे पिवळे. शेडमध्ये त्या बोटीवर मी एकटी. मागच्या फळीचं आतलं प्लाय ओलं होतं, ते मला पहिल्या दिवशीच दिसलं. नवं घालायचं म्हणजे सगळं उघडा, जुनं खरवडा, सुकवा, पुन्हा बांधा. आठवड्याचं काम. आणि त्या शनिवारी सांताक्रूझला माझ्या मैत्रिणीचा साखरपुडा होता. एवढंच हो कारण! शेठ मागे लागला नव्हता, सामान संपलं नव्हतं, कुणी माझ्या डोक्यावर बसलं नव्हतं. मला आठवडाभर खाजवायचं नव्हतं. गळ्याला, कोपराला लाल पुरळ घेऊन साडी नेसायची नव्हती. मी दोन दिवस बोट उन्हात ठेवली, वरवर कोरडी झाली, आणि त्या ओल्या प्लायवर फायबरच्या मॅटचे तीन थर चढवले. दिसायला काय झकास दिसत होतं!

शनिवारी दुपारी तुम्ही आलात. कुणी बोलावलं नव्हतं. कुंकवाशिवाय बोट शेडमधून जाता कामा नये म्हणून त्या अशक्त पायांनी वाकोल्याहून मार्व्याला, तिथून फेरीबोटीने मनोरीला. दाराशी टेकून उभे राहिलात, धाप लागलेली. मी साबण घेऊन हात धुवायच्या तयारीत. तुम्ही फळीकडे बघितलंत आणि विचारलंत, "सुकला मा?"

"हो बाबा."

तुम्ही हात पुढे केलात, तळवा उघडा, नाण्यासाठी नव्हे, डबीसाठी. अंगठा बुडवलात. हात थरथरत होता म्हणून ठसा घसरला. त्याची शेपटी बघून तुम्ही हसलात आणि म्हणालात, "ह्यो अंगठोपण काविळीन पिवळो झालो." मग वर रेझिन तुम्ही स्वतः फिरवलंत. मी साखरपुड्याला गेले, दोन वाट्या आम्रखंड खाल्लं.

नशीब, शेठ फार फिरला नाही. नाहीतर इंजिन खाडीच्या तोंडाशी फळी घेऊन सुटलं असतं आणि बोट भरायला दोन मिनिटं पुरली असती. तुम्ही त्यानंतर दोनेक वर्षं होतात. त्या दोन वर्षांत मी रोज तुमच्या बाजूला बसून काम केलं, रोज डबा खाल्ला. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली.

तो ठशाचा तुकडा मी घरी आणलाय. ओट्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याच्या मागचा लगदा ब्रशने घासून काढला, ठसा स्वच्छ निघाला. उद्या पहिल्या फेरीबोटीने जाणार आहे, कोळीण त्याच वेळेला टोपली घेऊन येते. आधी तिला सांगेन, मोठ्याने, तिकीटवाल्याला ऐकू जाईल असं. मग मालकाला. अंगठा त्यांचा, काम माझं. त्यानंतर त्याला मुलींना बसवायला माझ्या हातची फळी नको असेल तर नको.

हे कागद नव्या फळीच्या आत घालावे आणि वर रेझिन फिरवावं, असं मघाशी मनात आलं होतं. छे! तिथे लपवायचं ते एकदा लपवून झालंय. कागद इथेच राहतील, पिठाच्या डब्यामागे.

एक राहिलं. त्या शनिवारी, तुम्ही यायच्या तासभर आधी, मी नाणं वाजवलं होतं, बाबा. थप वाजलं होतं.