त्याच्या वाटणीचा उपास

आई, दुबईत करामाला आपल्याकडे राहायचा तो नायजेरियाचा मुलगा अखेर अमेरिकेत मोठ्या टीमकडून खेळला. नुसता बाकावर बसला नाही, खरंच खेळला. त्यांचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू काखेत धरून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं. आताच्या अल बर्शाच्या घरी नाश्ता करताना आम्ही मोबाइलवर त्याची मॅच बघितली. तुझी नात म्हणाली, "पपा, ही डिडन्ट इव्हन टच द बॉल." मी तिला सांगितलं की चेंडूला हात लावणं त्याचं कामच नाही. समोरचा अंगावर आला की जागचं हलायचं नाही आणि मागच्याला वाचवायचं, एवढंच त्याचं काम. तू असतीस तर विचारलं असतंस, एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं?

बाबा गेल्यावर तुझ्या हॉटेलच्या पगारात भाडं झेपेना, म्हणून तू माझ्या खोलीतली दुसरी खाट त्याला दिलीस, जेवणासकट. चर्चमध्ये ओळख झाली होती, तेवढं तुला पुरे होतं. तो मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड होता. सुट्टीच्या दिवशी मैदानावर बास्केटबॉल खेळताना इथल्या एका अमेरिकन फुटबॉल क्लबच्या कोचने त्याला हेरलं. वर्षभर त्याला शिकवलं आणि मग सांगितलं की ईस्टरनंतर अमेरिकेहून निवड करायला माणसं येणार आहेत. उंची आहे, ताकद आहे, वजन मात्र कमी आहे. ते वाढलं नाही तर येऊच नकोस. मॉलचं कंत्राट उन्हाळ्यात संपणार होतं, त्याबरोबर व्हिसाही खलास. दुसरी संधी नव्हती.

आणि नेमका राखेचा बुधवार आला. आपल्या घरी त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत मटण, मासळी, अंडं सगळं बंद. तू त्याला विचारलंही नाहीस. तो आपल्याच धर्माचा, म्हणजे उपासही आपल्यासारखाच करणार, असं तू धरून चाललीस. त्याच्या गावी फक्त शुक्रवारी मांस टाळतात, हे त्याने तोंडातून काढलं नाही. तुझ्या घरात राहून बाहेर चोरून बिर्याणी खाणं त्याला पटत नव्हतं. तू वालाची भाजी वाढतेस, तो खाली मान घालून खातो, आणि तू मला टोमणा मारतेस की बघ, परक्या आईचं पोर कसा उपास पाळतंय, आणि तू करामाभर कबाब खात फिरतोस.

दिवसभर मॉलमध्ये उभं राहायचं, संध्याकाळी सराव, आणि पोटात डाळभात. वजन वाढायचं सोडून उतरायला लागलं. पट्ट्याला नवीन भोक पाडताना मी त्याला बघितलं आणि खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. तू तांदूळ निवडत होतीस तेव्हा मी तुला सांगितलं. तुझे हात थांबले. "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?" एवढंच बोललीस.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढतोय आणि तू वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवायचीस त्या बाटलीच्या मसाल्यातल्या मटणाचा वास थेट खालपर्यंत येतोय. ऐन उपासकाळात, आपल्या घरातून! तू त्याच्यापुढे ताट ठेवलंस. त्याने ते हळूच मागे सारलं. "नो आंटी, इट्स लेन्ट." तू ताट पुन्हा पुढे केलंस. "तू खा बेटा. तेरा उपास मैं पकडती."

तो जेवला. त्या रात्रीपासून तू एकच वेळ जेवायला लागलीस. मी काही म्हटलं की म्हणायचीस, मला भूकच नाही. कोच म्हणाला होता तेवढं वजन भरलं, त्याची निवड झाली, तो गेला. तिकडे सरावाच्या टीममध्ये त्याची वर्षं गेली, कधी ठेवायचे, कधी काढायचे. तू मात्र दर उपासकाळात एकच वेळ जेवत राहिलीस, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत. त्याला अजून वजन लागतं ना, म्हणायचीस.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. तू गेल्यापासून तो दर वर्षी आपल्यासारखा उपास करतो, मटण-मासळी सगळं बंद, तुझ्या नावाने. आता ट्रेनर चिडलाय. वजन उतरतंय, आणि पुढच्या मोसमात टीममध्ये ठेवायचं की नाही हे अजून ठरायचंय. आंटी असती तर काय म्हणाली असती, त्याने विचारलं. मी विचार करायच्या आत बोलून गेलो, "तू खा. तेरा उपास मैं पकडता." पलीकडे तो एवढा धिप्पाड माणूस रडायला लागला. मलाही रडू आलं.

उपास आणि मी, तुला माहीतच आहे. तरी धरला, तुझ्यासारखा, एकच वेळ जेवायचं. आज दुपारी ऑफिसात पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की तुला भूक लागत होती. दर वर्षी लागत होती, आणि मी समोर बसून पोटभर जेवत होतो.

मग खाली उतरलो आणि उभ्याउभ्या शवर्मा खाल्ला, चिकनचा. त्याला हे सांगणार नाही, तो लगेच जेवण सोडेल. कुणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून तुला सांगितलं. उद्यापासून पुन्हा धरतो.