पेढ्याच्या डब्याच्या पुढचं

सप्तापूर, धारवाड
बुधवार, दुपार

प्रिय मेधा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, त्याबद्दल आधी उपकार मानते. चौदा महिने झाले आपण बोललो नाही. नऊ वर्षं एका स्टाफरूममध्ये एका डब्यात जेवलेल्या दोघी, घरांत जेमतेम दोन बसस्टॉपचं अंतर, आणि पोस्टाचं तिकीट लावायची पाळी आली. फोन करायचं धाडस झालं नाही, खरं तेच सांगते. तुझे फोन मीच उचलले नव्हते की.

कामाचं आधी विचारते. सहावी-सातवीच्या मुलांना घरी निबंध शिकवायचा तर कुठलं पुस्तक घ्यावं? हसू नकोस. मी पडले गणिताची. शाळा सोडून दोन्ही मुलांना घरी शिकवायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, बी.एड. झालेली बाई मी, मला माझीच दोन पोरं जड होणार आहेत का? विज्ञान, भूगोल, कन्नड, सगळं रेटलं. निबंधापाशी गाडं अडलं ते अडलंच. मेधा, मी फार दमलेय गं. पहाटे उठून गुरुराजांचा डबा करायचा, ते तारिहाळला फॅक्टरीत गेले की मुलांच्या आजोबांची, आमच्या अप्पाजींची पेज, त्यांच्या डोळ्यांत थेंब, मग मुलांची शाळा. तीच आई, तीच बाई, तीच खोली. दुपार होईपर्यंत मला माझ्याच आवाजाचा वीट येतो.

पहिल्यांदा आणलं कोल्हापूरचं गाईड. नणंदेच्या लग्नाच्या साड्या घ्यायला दाजीबानपेठेत गेले होते, परत येताना हुबळी स्टँडजवळ मिळालं. आमच्या श्रीलक्ष्मीनं ते चार दिवसांत घोकून पाठ केलं आणि ‘माझे गाव’वर दोन पानं खाडखाड लिहून आणली. आमच्या दारावरून पंचगंगा वाहते म्हणे! अप्पाजी खुर्चीतून उठून खिडकीतनं बघून आले. मग फोनवर एक अ‍ॅप घेतलं. त्यात चार शब्द टाकले की ते अख्खा निबंध स्वतःच लिहितं आणि वर शाबासकीचे तारेही देतं, कुणाला ते देव जाणे. मग पुण्याच्या एका ताईंचा शनिवारचा ऑनलाइन वर्ग. त्या गोल काढायला लावतात, गोलातून रेषा, रेषेच्या टोकाला आणखी गोल. साकेतनं गोल काढले, रेषा काढल्या, रंगवल्यासुद्धा. लिहिलं काही नाही. शेजारच्या वेंकटेश सरांनी सुविचारांचं एक जुनं बाड दिलंय, ते कपाटावर पडून आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या.

श्रीलक्ष्मीचं सोड, तिच्या तोंडाचा पट्टा वहीतही चालतो. काळजी साकेतची आहे. तो लिहीत नाही असं नाही. सुरुवात तर अशी करतो की मी निवडायची भाजी बाजूला ठेवून वाचते. आणि पान अर्धं भरलं की पेनाला टोपण! सहलीची बस अळणावरच्या अलीकडं पंक्चर झाली, ती अजून तिथंच उभी आहे. मांजर माळ्यावर चढली, खाली उतरलीच नाही. सत्तावीस निबंध झाले, सत्तावीसच्या सत्तावीस अर्धे. शेवट कसा करावा हे शिकवणारं पुस्तक शोधून माझ्या नाकी नऊ आले. रागावले, आमिष दाखवलं, एकदा तर वही भिरकावली. मार्चमध्ये मुक्त शाळेची परीक्षा आहे, ती राहू दे बाजूला. पण तेरावं लागलेलं पोर, त्याचं बोलणंही आता तसंच व्हायला लागलंय गं. वाक्य अर्धं टाकून उठून जातो. मला भीती वाटते.

आता त्या दिवसाचं लिहिते. इतका वेळ टाळत होते. ‘माझी आवडती व्यक्ती’. साकेतचा निबंध तुला आवडला होता, म्हणूनच तू तो वर्गात वाचायला घेतलास, हे मला तेव्हाही कळत होतं. कबूल करायचं नव्हतं, एवढंच. मी पलीकडच्या वर्गात समीकरणं शिकवत होते. भिंतीपलीकडून असं हसू आलं की माझ्या हातातला खडू थांबला. आमचे अप्पाजी दातांची कवळी पेढ्याच्या रिकाम्या डब्यात ठेवतात, आणि पाहुणे आले तेव्हा मुरुघा मठाचा प्रसाद म्हणून त्यांनी तोच डबा पुढं केला, हे तू वाचलं होतंस. पोरं बाकं बडवून हसली आणि तू वही मिटलीस. मधल्या सुट्टीत सगळी ‘कवळी, कवळी’ करत त्याच्या मागं लागली. मी स्टाफरूममध्ये येऊन तुला नाही नाही ते बोलले. माझ्या लेकराचा तमाशा मांडलास म्हणाले. बाकीच्या बायका चहाचे कप हातात धरून उभ्या होत्या. त्याच दिवशी मी राजीनामा दिला आणि दोन्ही मुलांना घेऊन घरी आले. वही तुझ्याकडंच राहिली.

आईनं आपल्यासाठी केवढं केलं, असं साकेतला वाटत असेल, ही माझी समजूत. परवा सोमवारी सत्ताविसावा निबंध अर्धा टाकून तो उठायला लागला, तेव्हा माझ्यात ओरडायचंही त्राण नव्हतं. मी त्याच्याशेजारी फरशीवर फतकल मारून बसले आणि विचारलं, बाळा, पुढचं का लिहीत नाहीस? आजवर लिही, लिही म्हणत होते. का, असं कधी विचारलंच नव्हतं बघ. तो म्हणाला, पुढचं कोण वाचतंय?

मला आधी कळेना. मग त्यानं हळूहळू सांगितलं. पोरं हसली त्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं, हसावीत म्हणूनच त्यानं ते तसं लिहिलं होतं. कवळी म्हणून चिडवलं तर चार दिवस चिडवलं असतं, मग विसरली असती, म्हणाला. वाईट वाटलं ते तू वही मिटलीस त्याचं. हसू ओसरलं की बाई पुढचं वाचतील म्हणून तो हाताची घडी घालून वाट बघत बसला होता. खरं लिहिलेलं सगळं पुढंच होतं म्हणे. तेवढ्यात मी त्याला उचलून घरी आणलं. अय्यो, मेधा! तू त्याला वाचवायला थांबलीस, मी त्याला वाचवायला शाळा सोडली, आणि त्याला काय हवंय ते आपण दोघी शहाण्यांनी त्याला विचारलंच नाही. तुझं चुकलं असेल तर मिनिटभर. माझं चौदा महिने चुकत राहिलं. मला माफ कर. चारचौघींत बोलले होते, तेव्हा माफीही चारचौघींत मागायला हवी. तू म्हणशील तेव्हा स्टाफरूममध्ये येते.

पुढं काय लिहिलंय ते तो मला सांगत नाही. वही बाईंकडं आहे, त्या वाचतील, एवढंच म्हणतो. अप्पाजींच्याही कानावर हे गेलंय. ब्याऐंशी वर्षांचे झाले, ह्या दोन-तीन महिन्यांत नजर जवळजवळ गेलीच आहे, दिवसातनं चारदा विचारतात, एन बरदान नम्म हुडुगा, काय लिहिलंय आमच्या पोरानं? मी काय सांगू? तेव्हा पुस्तकाचं नाव कळवू नकोस, ते निमित्त होतं. वही तू टाकून दिली नसणार, मी तुला ओळखते. ह्या रविवारी ती घेऊन घरी ये. अप्पाजींना हल्ली ओरडून बोललं तरच ऐकू येतं, पण तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. त्यांच्या खुर्चीशेजारी बस आणि पहिल्या ओळीपासून वाच. पेढ्याच्या डब्यापाशी आम्ही सगळे हसू, अप्पाजी तर सगळ्यात आधी. तू थांबू नकोस.

भांडूनसुद्धा तुझीच,
दीपश्री