मेथीच्या टोपल्यातला फोन

१ नोव्हेंबर
आईला नेमकं किती ऐकू येतं? मला सांगता येत नाही. जन्मापासून एका घरात राहून येत नाही, बी.एस्सी. होऊनही येत नाही.
रिठदच्या ई-सेवा सेंटरवरून कामावरनं यायला उशीर झाला, मालिका चुकली. आईला विचारलं, काय झालं आज? तिनं रंगवून सांगितलं : सुनेचे दागिने हरवले, सासू बिचारी रडत होती, देवासारखी बाई. मग तोच भाग मी फोनवर पाहिला. दागिने सासूनंच लपवले होते.
म्हणजे आई दोन वर्षांपासून नुसते चेहरे पाहते आणि गोष्ट स्वतः रचते. आणि आम्ही समजतो, टीव्हीचा आवाज चाळीसवर ठेवला की झालं.

३ नोव्हेंबर
शिरपूरच्या बाजारात बसणं आईनं सोडलं ते गुडघ्यांमुळे, असं ती म्हणते. आज भरलेली घागर घेऊन विहिरीचा चढ एका दमात चढली. म्हणजे कारण गुडघे नाहीत.
आता आमची मेथी धाकटी काकू नेते. सकाळी मी आईला जुड्या किती बांधल्या ते विचारत होते, तर काकू आईच्या समोरच म्हणाली, "बहिरीले काय इचारतं, मले इचार." बाबा चपलेचा अंगठा नीट करत राहिले.
ठरलं. याच महिन्यात आई स्वतः बाजारात बसेल. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

४ नोव्हेंबर
वाशीमला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. (म्हटलं म्हणजे ओरडले.)
"कानात मशीन? म्हातारी बनवते काय मले?"
विषय संपला.

६ नोव्हेंबर
सापडलं! आजूबाजूचा आवाज मोठा करून कानात सोडणारं अॅप. फुकट. माझा जुना फोन, कोपऱ्याला तडा गेलेला, त्यात टाकलं. वायरचे इअरफोन लावले, बिनवायरचे नकोत, त्यात आवाज जरा उशिरानं येतो.
इअरफोनला आईची ना नाही. "हे चालते. पोरी घालतेत."
चालू केलं. ती एकदम स्वतःच्या हाताकडे पाहायला लागली.
"ह्या माह्या बांगड्या वाजून राह्यल्या काय वं?"
मग हात हलवत बसली. कितीतरी वेळ. मी परसात जाऊन आले.
नोंद, अॅपची सेटिंग : आवाज ६, गोंगाट ३. उजव्या कानाला ८.

९ नोव्हेंबर
आज आईनं खरी मालिका पाहिली. शेवटी म्हणाली, "ही सासू अशी हाय? माहीवाली बरी होती."
टीव्ही चाळीसवरून चौदावर. बाबा म्हणाले, "शेजारचे म्हणतीन, यायनं टीव्ही विकला."

१४ नोव्हेंबर
अंगणात बाजाराची तालीम. मी गिऱ्हाईक. फोन कमरेच्या पिशवीत, तर नुसतं लुगडंच ऐकू येतं. "शेंगा फोडल्यावानी वाजते." शेवटी फोन मेथीच्या टोपल्यात, गोणपाटाखाली, तोंड गिऱ्हाइकाकडे. वायर पदराखालून. जमलं. माझ्याशी घासाघीस करून मलाच हरवलं.

२१ नोव्हेंबर
सुट्टी घेतली. बाजार. आई आणि काकू शेजारी शेजारी, मी मागे.
दोन बाया आल्या. एकीनं मेथी चाचपली आणि दुसरीला हळूच म्हणाली, "जून हाय, चाल."
आई म्हणाली, "जून नाही बाई. सकाळी उपटली. मुळीची माती पाह्य, ओली हाय."
ती बाई वळली, चार जुड्या घेऊन गेली. काकूचा हात तराजूवर तसाच. आईकडे पाहत मला विचारते, "बाईले ऐकू येते काय वं?"
उत्तर आईनं दिलं. "येते. दोन वर्सं काय काय बोलली, ते सांग आता पुन्हा."
काकू म्हणाली, "चहा घेता काय, बाई?"
इतकी खूश मी निकालाच्या दिवशीही नव्हते.
दुपारी ऊन चढलं. मेथी मलूल व्हायला लागली. आईनं सवयीनं डब्यात हात बुडवला आणि टोपल्यावर पाणी शिंपडलं. एकदा, दोनदा. इतक्या वर्षांचा हात, तो कशाला विचारतो. मी गोणपाट उचललं तोवर फोन ओला.
"आवाज गेला," ती म्हणाली. मग टोपलं काकूकडे सरकवलं.

२२ नोव्हेंबर
फोन तांदळात. बाबा : "तांदूळ कायले नासवतं, सोयाबीनच्या पोत्यात घाल." दोन्हीत घालून झालं. बंद तो बंद.
आईनं इअरफोन पुसले, गुंडाळले, कुंकवाच्या डबीशेजारी ठेवले.
"गुडघे दुखतेत," म्हणाली.

२४ नोव्हेंबर
माझा नवा फोन पाण्याला भीत नाही. म्हणून तर घेतला होता. नऊ महिने वाट पाहून. त्याचा कॅमेरा चिमणीच्या डोळ्यातली चमक टिपतो. त्याला पावसातही कव्हर लागत नाही आणि मी त्याला धुळीचाही वारा लागू देत नाही.
तीन दिवस त्याच्याकडे पाहते आहे.

२७ नोव्हेंबर
उद्या बाजार. वाशीमला मंगळवारी कान तपासायचा नंबर लावला आहे. अॅप म्हणजे औषध नव्हे, हे मला कळतं. आईला सांगितलं. "पाहू," म्हणाली. हो नाही, पण म्हातारी हा शब्दही नाही.
नव्या फोनमधले माझे सगळे फोटो सेंटरच्या संगणकावर टाकले. अॅप टाकलं. टाइप-सीचा जोड लावला, इअरफोन बसले. आवाज ६, गोंगाट ३, उजवा ८.
फोन उघडायला आईचा अंगठा काही केल्या लागेना. विळ्यानं घासून रेषाच राहिल्या नाहीत, रेशन दुकानातही हेच होतं. दहाही बोटं तेल लावून पुसून पाहिली. डाव्या हाताचं तिसरं लागलं.
"आता हा माहा?"
"तुहाच."
"पाणी शिपडू?"
"शिपड."
तिनं तिथंच, स्वयंपाकघरात, तांब्यातलं पाणी शिंपडून पाहिलं. फोन चालूच.
मग सेटिंगमध्ये जाऊन माझं बोट काढून टाकलं. आता तो फक्त तिच्या बोटानं उघडतो. मला लागला तर आईला हाक मारावी लागेल. हळू मारली तरी चालेल.